साळगावचे देवमाता चर्च : नवे रूप, जुनी मूर्ती

गोव्यातील चर्च-वास्तूंचा अभ्यास बहुधा जुन्या गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकांतील वास्तूंपाशीच थांबतो. एकोणिसावे शतक हा केवळ ऱ्हासाचा काळ, अशी त्यामागील समजूत दिसते. बार्देश तालुक्यातील साळगावचे ‘माय दे देउस’ अर्थात देवमातेचे चर्च या समजुतीस छेद देते.

साळगावची ख्रिस्ती वस्ती पूर्वी शेजारच्या नागोवा येथील पॅरिशमध्ये मोडत असे. १८६७ मध्ये साळगावात स्वतंत्र चर्चच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि २६ नोव्हेंबर १८७३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. स्वतःचे चर्च मिळणे म्हणजे बाप्तिस्मा, विवाह, दफन आणि वार्षिक फेस्त यांचे केंद्र स्वतःच्या गावात येणे होय. या घटनेचे सामाजिक मोल त्यामुळे वास्तूच्या सौंदर्याहून कमी मानता येत नाही.

वास्तू मात्र खरोखर वेगळी आहे. गोव्यातील पारंपरिक चर्चचा दर्शनी भाग अर्धवर्तुळाकार कमानी, स्तंभ आणि आडव्या पट्ट्या यांनी बांधलेला असतो. साळगावात टोकदार कमानी व निमुळते सुळके दृष्टी सतत वर नेतात. शुभ्र रंग तेवढा परिचित, बाकी सारी रचना नवगॉथिक वळणाची. याच सुमारास मुंबईत गॉथिक शैलीचा बोलबाला होता. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये पूर्ण झाले होते, तर विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले. बार्देशातील अनेक कुटुंबांचा पोटापाण्यासाठी मुंबईशी असलेला संबंध लक्षात घेता, ही अभिरुची लिस्बनपेक्षा मुंबईच्या वाटेने आली असावी, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

रूप नवे असले तरी अधिष्ठात्री देवमाता मात्र जुनीच आहे. जुन्या गोव्यानजीक दौजी येथे १५६९ मध्ये फ्रान्सिस्कन परंपरेतील सुधारकांचा ‘माय दे देउस’ मठ स्थापन झाला होता. साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडले, १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि मठांची पडझड झाली. दौजीच्या त्या मठातील सायबिणीची मूर्ती साळगावात आणली गेली, आणि मठाचे नावच चर्चला मिळाले. मूळ मठ भग्न झाला; त्याची सायबीण आज साळगावच्या टोकदार कमानींखाली पूजिली जाते.