डॅशबोर्डमधली खाच

स्टिरिओ काढून डॅशबोर्डमध्ये टॅब्लेट बसवायचा, म्हणून मी आधी खाच मोजली. १८० बाय १०० मिलिमीटर. मूळ जर्मन ‘डिन’ मापाची खाच ५० मिलिमीटर उंच. ही दुप्पट, म्हणून ‘डबल डिन’. या मापामुळेच बहुतेक गाड्यांत कुठल्याही कंपनीचा स्टिरिओ बसायचा. कॅसेट गेली, सीडी आली, यूएसबी आली. गाडी तीच राहिली.

माझा टॅब्लेट २०१२चा नेक्सस ७. रुंदी १२० मिलिमीटर, म्हणजे प्लास्टिकची चौकट घासणं आलं. त्यात रेडिओही नाही. १९५३ पासूनचं आकाशवाणी पुणे आता इंटरनेटवरून ऐकायचं.

तरी मला बदल करता येतोय. अनेक नव्या गाड्यांत एसीसुद्धा स्क्रीनवरूनच चालतो आणि खाचच नसते. ती स्क्रीन जुनी झाली की मालकाच्या हातात काय उरतं?