पाच माणसांची नगरपालिका

मागच्या शनिवारी जेवण जरा जास्तच झालं. झोपलो असतो तर संध्याकाळ गेली असती, म्हणून लॅपटॉपवर नकाशे उघडून बसलो. (हा माझा जुना नाद. लोक क्रिकेट बघतात, मी सॅटेलाइट नकाशे बघतो.) अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत भटकत असताना एक विचित्र जागा दिसली. काटकोनात आखलेले रस्ते, चौक, दफनभूमी, सगळं जागच्या जागी. फक्त घरं गायब!

गावाचं नाव सेंट्रेलिया. 'सायलेंट हिल' हा २००६ चा भयपट बघितला असेल तर त्यातल्या धुराने भरलेल्या गावामागची प्रेरणा हीच. पण मला भुतांपेक्षा या गावाच्या नगरपालिकेची गोष्ट जास्त भन्नाट वाटली. तीच सांगतो.

सेंट्रेलिया हा कायद्याने 'बरो' आहे. न्यूयॉर्कमुळे बरो म्हटलं की आपल्याला मॅनहॅटन-ब्रुकलिन आठवतं, पण ते एका महानगराचे तुकडे. पेनसिल्व्हेनियातला बरो म्हणजे स्वतंत्र छोटं शहर, साधारण आपल्या नगरपंचायतीसारखं. निवडून आलेलं कौन्सिल, वेगळा निवडलेला मेयर, स्वतःचं बजेट. राज्यात असे साडेनऊशेच्या आसपास बरो आहेत. सेंट्रेलियाचं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मैल, म्हणजे जेमतेम दीडशे एकर.

या दीडशे एकरांखाली अँथ्रासाइट आहे, म्हणजे सगळ्यात कडक आणि कमी धुराचा दगडी कोळसा. अलेक्झांडर रे नावाच्या एका मायनिंग इंजिनिअरने कोळसा कंपनीसाठी गावाचे रस्ते आणि प्लॉट आखले. आधीचं नाव होतं सेंटरव्हिल, पण त्या नावाचं पोस्ट ऑफिस शेजारच्या काउंटीत आधीच होतं. मग १८६५ मध्ये नाव बदलून सेंट्रेलिया केलं. १८६६ मध्ये बरोचा दर्जा मिळाला आणि १८६८ मध्ये रेचा खून झाला. १८९० मध्ये लोकसंख्या २,७६१ होती. तेव्हा गावात सात चर्च आणि सत्तावीस दारूचे गुत्ते होते म्हणे. खाणकामगारांचं गाव, दुसरं काय!

पुढे कोळशाचे दिवस उतरले. १९५० मध्ये बरोच्या कौन्सिलने एक शहाणपणाचा व्यवहार केला. आदल्या वर्षीच्या राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन गावाखालच्या कोळशाचे हक्क बरोच्या नावावर करून घेतले. हे लक्षात ठेवा, नंतर कामाला येणार आहे.

आता मे १९६२. लोकसंख्या चौदाशेच्या आसपास. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डे असतो, त्या दिवशी लोक दफनभूमीत फुलं वाहायला जातात. गावाची कचराकुंडी दफनभूमीला लागून, एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात. वास येणार, पाहुणे नाकं मुरडणार. मग कौन्सिलने स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या माणसांना कचरा साफ करायला सांगितलं. साफ करणं म्हणजे पेटवून देणं, ही तिथली नेहमीची पद्धत. वरची आग विझवली, पण खड्ड्याच्या भिंतीला एक मोठं भगदाड होतं. तिथून ती आत कोळशाच्या थरात शिरली. आगीच्या उगमाबद्दल इतरही मतं आहेत, पण बहुतेक अभ्यासक हेच कारण मानतात. त्या काळात राज्यात अशा प्रकारे कचरा जाळायला मनाई होती. म्हणूनच की काय, कौन्सिलने कोळसा कंपनीला जे पत्र पाठवलं त्यात आगीचं कारण 'अज्ञात' होतं. 'फार उकाडा होता' असाही उल्लेख होता. :)

आपल्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. बग लवकर सापडला तर स्वस्तात सुटतो. इथे तो लवकर सापडला होता! आग खणून काढायचं पहिलं कंत्राट ऑगस्ट १९६२ मध्ये निघालं, साधारण २०,००० डॉलरचं. पण शनिवार-रविवार काम बंद, त्यात लेबर डेची लांबलचक सुट्टी. खणलं की हवा आत जायची आणि आग आणखी पुढे पळायची. ऑक्टोबरअखेर पैसे संपले, काम थांबलं. पुढे वीस वर्षं अशीच तुकड्यातुकड्यात मलमपट्टी चालू राहिली. १९८३ मध्ये तज्ज्ञांनी पूर्ण आग विझवायचा अंदाज काढला तेव्हा आकडा आला ६६ कोटी ३० लाख डॉलर. सुरुवातीच्या कंत्राटाच्या तेहतीस हजार पट.

एवढ्या वर्षांत गावातल्या माणसांचं काय झालं? काही घरांच्या तळघरात कार्बन मोनॉक्साइड साठायला लागला. १९७९ मध्ये तेव्हाच्या मेयरनी आपल्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी तपासली, तर आतलं पेट्रोल जवळपास ७८ अंश सेल्सिअस! आणि १४ फेब्रुवारी १९८१ ला आजीच्या अंगणात खेळणारा बारा वर्षांचा मुलगा अचानक खचलेल्या जमिनीत गेला. झाडाच्या मुळाला धरून लटकला, चौदा वर्षांच्या चुलतभावाने त्याला ओढून काढलं. खड्डा दीडशे फूट खोल निघाला.

१९८३ मध्ये गावाने मतदान घेतलं. गाव सोडायचं की नाही? ३४५ विरुद्ध २००, सोडायचं. अमेरिकन काँग्रेसने ४ कोटी २० लाख डॉलर दिले. लोक जवळच्या माउंट कार्मेल आणि अॅशलँडला गेले, मागे घरं पाडली गेली. १९८० मध्ये लोकसंख्या १,०१७ होती, १९९० मध्ये ६३.

सगळी गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ते ६३ जण हटेनात. १९९२ मध्ये राज्यपालांनी भूसंपादनाचा बडगा उचलला, गावातली सगळी मालमत्ता कागदावर राज्याची झाली. २००२ मध्ये पोस्टाने पिनकोडसुद्धा काढून घेतला. तरी मेयर होते, कौन्सिल होतं. इथे १९५० चा तो व्यवहार पुन्हा वर येतो. उरलेल्यांचं म्हणणं असं, की सरकारला आगीशी देणंघेणं नाही, त्यांना आमचा कोळसा हवाय. जोवर बरो जिवंत, तोवर हक्क बरोचे. राज्याने हे कायम नाकारलं. मला स्वतःला ती कारस्थानाची कल्पना पटत नाही. पण वीस वर्षं 'आग विझवतो' म्हणून दर वेळी अर्ध्यावर सोडणाऱ्या सरकारवर त्या लोकांनी विश्वास का ठेवावा, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये कोर्टात तडजोड झाली. उरलेल्या आठ जणांना मरेपर्यंत आपापल्या घरात राहायची परवानगी आणि सगळ्यांना मिळून ३,४९,५०० डॉलर. त्यांच्यानंतर घरं राज्याची. २०२० च्या जनगणनेत सेंट्रेलिया बरोची लोकसंख्या: ५.

ज्या कौन्सिलने आगीचं कारण लपवलं, त्याच कौन्सिलच्या आधाराने शेवटची माणसं टिकून राहिली. चूक करणारी आणि सांभाळणारी संस्था एकच. आपण 'नगरपालिका' म्हटलं की शिव्या घालतो (मी पण, रोज, खड्ड्यांवरून), पण ती नसती तर या लोकांच्या वतीने भांडायला कागदावर कोणीच उरलं नसतं. आपल्या झारखंडात झरियाच्या कोळशाला १९१६ पासून आग लागलेली आहे. तिथल्या वस्त्याही हलवल्या जाताहेत, आणि त्यांना असा स्वतःचा बरो नाही.

जाता जाता एक. १९६६ मध्ये सेंट्रेलियाने बरोची शंभरी साजरी केली. आग लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. तरी लोकांनी एक टाइम कॅप्सूल पुरली, २०१६ मध्ये उघडायची म्हणून. कोणीतरी ती उकरायचा प्रयत्न केला, म्हणून २०१४ मध्येच जुन्या गावकऱ्यांनी जमून ती उघडली. आत पाणी शिरलं होतं, बरंचसं सामान खराब झालं होतं. खाणकामगाराचं हेल्मेट आणि थोडा कोळसा मात्र निघाला.

असो. सोमवारी रिलीज आहे, झोपतो आता.