पाटीवरची सरस्वती आणि कलम २८

दसऱ्याच्या सुट्टीआधी आपल्या शाळांत पाटीपूजन होते. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, झेंडू वाहायचा, हात जोडायचे. "ही तर संस्कृती आहे, यात धर्म कुठे आला?" हा प्रश्न आपल्याला दरवर्षी ऐकवला जातो. त्याचे उत्तर इतिहासातून द्यायला हवे.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारनेही त्याला दाद दिली नाही. सरस्वती तेव्हाही विद्येची देवताच होती. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसवले गेले. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायला मिळाले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेचे दार कालपर्यंत आपल्यासाठी बंद होते, तिच्यातली वंदना आज आपल्या मुलांनी डोळे मिटून म्हणायची. ती म्हटली नाही तर मूल 'असंस्कारी' ठरते!

मग आपल्यासाठी शाळेचे दार उघडले कोणी? १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मुलांसाठीही शाळा काढल्या. त्यासाठी सावित्रीबाईंनी शेण आणि दगड झेलले. विद्येचा हा इतिहास तारखांसह उपलब्ध आहे. तरीही शाळेत पूजा होते ती पुराणातल्या देवतेची.

आता इगतपुरीकडे पाहू. थळ घाटातून रेल्वे आली आणि तिच्याबरोबर नाना जातिधर्मांची कामगार कुटुंबे या गावात वस्तीला आली. आसपासच्या पाड्यांवर महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात. १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यना शिकायला जगभरातून माणसे येतात. बौद्ध, आदिवासी, मुस्लिम, ख्रिस्ती, हिंदू अशी सगळी मुले या तालुक्याच्या शाळांत एका बाकावर बसतात. पण शाळेचे सण कोणाचे? दिवाळीच्या निबंधात वसुबारस येते. त्याच दिवशी डोंगरातला आदिवासी वाघबारस साजरी करतो, ती मात्र येत नाही. बुद्धपौर्णिमा बहुतेक वर्षी उन्हाळी सुट्टीत येते, त्यामुळे शाळेला तिची आठवणही होत नाही. १४ एप्रिल परीक्षांच्या धामधुमीत निघून जातो. आणि अशोक विजयादशमीला आपण धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो, त्याच सुमारास आपल्याच मुलाच्या हाती पूजेची पाटी असते.

घरातही तेच आहे. 'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू झाली. देवादिकांचे अंक एकामागून एक निघाले. बाबासाहेबांवरचा अंक यायला १९७९ उजाडले. १९८७ मध्ये तर सरकारी दूरदर्शनच दर रविवारी रामायण घरोघरी पोहोचवू लागले.

हा धोका बाबासाहेबांनी आधीच ओळखला होता. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शाळांतील धर्मशिक्षणावर चर्चा झाली. बाबासाहेबांची मांडणी सरळ होती. करदाते सर्व धर्मांचे आहेत, म्हणून त्यांच्या पैशातून एका धर्माचे शिक्षण देता येणार नाही. एकाच शाळेत अनेक धर्मांची मुले असताना प्रत्येकाची सोय करणे शक्य नाही. शिवाय प्रत्येक धर्म आपलेच सत्य खरे मानतो, त्यामुळे वर्गात भांडण शिरेल. त्यातूनच आजचे कलम २८ उभे राहिले. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही.

हे कलम नुसते कागदावरचे नाही. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून आपल्याच नाशिकमधल्या एका शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत अधिकारांचा भंग ठरवला. त्याआधी १९८५ साली, केरळातल्या तीन ख्रिस्ती भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले होते. ती आदराने उभी राहत होती, एवढे पुरेसे मानून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला लावले. अमेरिकेतही सरकारी शाळांतली शासनपुरस्कृत प्रार्थना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच घटनाबाह्य ठरवली आहे.

मित्रांनो, एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. सरस्वतीचा फोटो काढून तिथे सावित्रीबाईंचा लावायचा आणि उदबत्ती तीच ओवाळायची, हे परिवर्तन नव्हे. ३ जानेवारीला हारापुरते थांबू नका. भिडेवाड्यातली शाळा का काढावी लागली आणि तिला कोणी विरोध केला, हे मुलांना सांगा. सण शिकवायला आपली हरकत नाही. ईद, नाताळ, वाघबारस, दिवाळी, बुद्धपौर्णिमा, सगळ्यांची माहिती मुलांना हवीच. माहिती देणे हे शिक्षण आहे, हात जोडायला लावणे ही सक्ती आहे.

म्हणून यंदा दसऱ्याआधी प्रत्येक वस्तीतल्या पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा: आमच्या पाल्यास धार्मिक उपासनेत सहभागी करण्यास आमची संमती नाही, कलम २८(३). अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भाषा सभ्य ठेवा. आणि अर्ज दिल्यावर वर्गात मूल एकटे पडणार नाही, याची जबाबदारी वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी घ्यावी.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!