प्रमाणित भागसंग्रह (संगणक-साहाय्यित आरेखन)

प्रमाणित भागसंग्रह म्हणजे संगणक-साहाय्यित आरेखनाच्या (कॅड) आज्ञावलीत नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग इत्यादी तयार मिळणाऱ्या भागांच्या त्रिमितीय प्रारूपांचा सुव्यवस्थित साठा होय. हे भाग कारखान्यात घडवले जात नाहीत, बाजारातून विकत घेतले जातात. त्यामुळे प्रारूपाचा आकार जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची ओळखही महत्त्वाची ठरते.

मानके

संग्रहाची पहिली विभागणी सामान्यतः मानकांनुसार केली जाते. षट्कोनी माथ्याच्या, पूर्ण आटे असलेल्या स्क्रूसाठी आयएसओ ४०१७ हे आंतरराष्ट्रीय, तर डीआयएन ९३३ हे जुने जर्मन मानक आहे. भारतीय मानकांत आयएस १३६३ व आयएस १३६४ षट्कोनी बोल्ट, स्क्रू व नट यांविषयी आहेत. डीआयएन ९३३ मागे घेतले गेले असले, तरी त्या मापाचे स्क्रू अद्याप विकले जातात. एम१० स्क्रूच्या माथ्याच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर जुन्या जर्मन मानकात १७ मिमी, तर आयएसओमध्ये १६ मिमी असते. एम१२ साठी ही मापे अनुक्रमे १९ व १८ मिमी आहेत. दोन्ही मानकांचे भाग एकाच नावाखाली ठेवल्यास पाना बदलतो आणि अरुंद जागेत तो फिरेनासा होऊ शकतो.

साठवणुकीच्या पद्धती

१. प्रत्येक मापाची स्वतंत्र फाइल : ही पद्धत सोपी व भरवशाची असते, मात्र फाइलींची संख्या फार वाढते.

२. एका फाइलीत अनेक मापे : सॉलिडवर्क्समधील टूलबॉक्स या पद्धतीनेही चालवता येतो. जुळणी दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तेथील मूळ फाइलीत ते माप नसले, तर स्क्रू भलत्याच आकाराचा दिसतो. म्हणून सर्व आरेखकांनी एकच सामायिक संग्रह वापरणे इष्ट असते.

३. कोष्टकावरून निर्मिती : फ्रीकॅडचे फास्टनर्स हे पूरक मापांच्या कोष्टकावरून भाग तयार करून चालू फाइलीतच ठेवते.

नामकरण

नावात मानक, व्यास, लांबी व सामर्थ्यवर्ग हा क्रम पाळला जातो, उदा. आयएसओ ४०१७ – एम१०×४० – ८.८. यातील पहिला ८ हा ८०० मेगापास्कल नाममात्र ताणसामर्थ्य दर्शवतो. दशांशचिन्हानंतरचा ८ सांगतो, की नाममात्र नमन-सामर्थ्य त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० मेगापास्कल आहे. साहित्याची यादी भागांच्या नोंदींवरून तयार होत असल्याने एकाच बोल्टची दोन नावे असल्यास तो यादीत दोनदा येतो व खरेदीत घोळ होतो.

आटे व देखभाल

प्रत्येक बोल्टवर खरे सर्पिल आटे काढल्यास मोठ्या जुळणीची फाइल जड होते. म्हणून आटे बहुधा केवळ खुणेने दाखवतात. मूळ फाइली केवळ वाचनासाठी खुल्या ठेवून बदलांचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडे दिला जातो. संग्रहातील एका फाइलीतली चूक ती वापरणाऱ्या प्रत्येक आरेखनात उतरते, हे त्यामागील कारण होय.