मोटारगाडीतील ध्वनिनिवारण

मोटारगाडीच्या आत ऐकू येणारा गोंगाट व सैल भागांचा खडखडाट कमी करण्याच्या तंत्रास ध्वनिनिवारण म्हणता येईल. हा ध्वनी दोन मार्गांनी आत येतो. एंजिन, दंतचक्रे व चाके यांची कंपने सांगाड्यातून बॉडीच्या पत्र्यापर्यंत पोहोचतात व पत्रा ढोलाच्या कातड्याप्रमाणे निनादतो. तर वारा व एंजिन यांचा आवाज फटींतून हवेमार्फत शिरतो. ध्वनी उगमाशीच कमी करणे, त्याचा मार्ग तोडणे आणि पत्र्याचे कंपन दाबणे असे तीन प्रकारचे उपाय असून इतिहासातही ते स्थूलमानाने याच क्रमाने पुढे आले.

आरंभीच्या गाड्या उघड्या असल्याने प्रयत्न एंजिनापुरतेच होते. १९०६ साली प्रदर्शित झालेल्या रोल्स-रॉइस कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या गाडीत सुटे भाग अतिशय काटेकोर मापाचे करून आवाज घटविण्यात आला. चंदेरी रंगाच्या अशा एका गाडीला १९०७ मध्ये ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मिळाले व पुढे ते त्या सर्व गाड्यांना रूढ झाले. झडपांच्या टकटकीला कंटाळलेल्या चार्ल्स येल नाइट या अमेरिकन संशोधकाने सिलिंडर व दट्ट्या यांमध्ये सरकणाऱ्या नळ्यांचे एंजिन तयार केले. इंग्लंडमधील डेम्लर कंपनीने ते स्वीकारले. ते शांत होते, पण तेल फार जाळी.

१९२० नंतरच्या दशकात बंद गाड्यांचा प्रसार झाला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या बॉडीत रस्त्याच्या हिसक्यांनी सांधे ढिले होऊन लाकूड लाकडावर घासे व करकरे. चार्ल्स वेमन या वैमानिकाने विमानबांधणीच्या अनुभवावरून यावर तोड काढली. त्याच्या बॉडीत लाकडी भाग एकमेकांना टेकतच नसत. मध्ये अल्प फट ठेवून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले असत व वरून पत्र्याऐवजी कातडीसारखे कापड ताणलेले असे. ही बॉडी हलकी व शांत होती. परंतु चकचकीत रंगाच्या, साच्यात दाबून केलेल्या पोलादी बॉडीपुढे १९३० नंतर ती मागे पडली.

पोलादी बॉडीत सांध्यांची करकर गेली, पण मोठे सपाट पत्रे घुमू लागले. त्यांना आतून डांबरयुक्त जाड थर चिकटवीत. त्यात कंपनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. दरम्यान रबराने मार्ग तोडण्याचा उपाय सुलभ केला. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीतील चार सिलिंडरांचे एंजिन रबरी आधारांवर असे बसविले, की त्याचे हेलकावे त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती होत. त्यामुळे कंपने सांगाड्यात फारशी उतरत नसत. फ्रान्समधील सीत्रोएन कंपनीनेही ही पद्धत उचलली. सांगाडा व बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांत रस्त्याचा आवाज थेट आत येत असल्याने रबराचे महत्त्व आणखी वाढले.

जुन्या गाड्यांचे जतन करताना हा इतिहास उपयोगी पडतो. अशा गाडीत आज ऐकू येणारा खडखडाट पुष्कळदा तिचा मूळचा नसतो. उष्णता, ऑक्सिजन व ओझोन यांमुळे रबर कठीण होऊन चिरते, काचेच्या खाचेतील नमदा झिजतो, बिजागऱ्यांच्या खिळी सैल होतात. म्हणजेच खडखडाट ही बहुधा झिजेची सूचना असते. ती न जुमानता जाड थर चिकटविल्यास आवाज झाकला जातो, झीज मात्र चालूच राहते. पत्र्याचे वस्तुमान दुप्पट केल्यास आरपार जाणारा ध्वनी सैद्धांतिक दृष्ट्या सु. ६ डेसिबेलनी घटतो. परंतु लहानशी फट राहिली, तरी यातील बराच लाभ वाया जातो. म्हणून प्रथम बोल्ट, बिजागऱ्या व एंजिनाचे आधार, नंतर दारांच्या रबरी पट्ट्या व नमदा आणि शेवटी पत्र्यावरील थर हा क्रम पाळणे इष्ट ठरते.

दमट हवेच्या प्रदेशात आणखी एक धोका संभवतो. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेली, पुढे ‘पद्मिनी’ नावाने ओळखली गेलेली फियाट ही एकजीव बांधणीची गाडी होय. मुंबईतील टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. उरलेल्या गाड्या हौशी मालक जपतात. अशा गाडीच्या तळावर अंथरलेला नमदा पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो व त्याखाली पत्रा गंजतो. एकजीव बांधणीत तळाचा पत्रा हाच गाडीचा भार पेलणारा भाग असल्यामुळे, शांततेसाठी केलेला अविचारी उपाय गाडीच्याच नाशास कारणीभूत होऊ शकतो.