रूट कॅनाल करूनही दात का दुखतो?

"डॉक्टर, रूट कॅनाल केलं, कॅप बसवली, तरी तोच दात ठणकतोय. एखादी अँटिबायोटिक लिहून द्या." अशी तक्रार घेऊन बरेच रुग्ण डेंटिस्टच्या आधी माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात. गोळी इथे का पुरत नाही, हे कळण्यासाठी दाताची आतली रचना समजून घ्यायला हवी.

दाताच्या मधल्या पोकळीत पल्प असतो, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा. ही पोकळी अरुंद नळ्यांच्या रूपात मुळांमध्ये उतरते. रूट कॅनाल हे खरं तर या नळीचं नाव. आपण ते उपचारालाच देऊन टाकलं आहे.

एका मुळात एकच नळी असते, असं नाही. वरच्या पुढच्या दातांत बहुधा एकच असते. पण खालच्या पुढच्या दातांत मूळ एक असूनही कधी कधी दोन नळ्या सापडतात. सगळ्यांत फसवी म्हणजे वरची पहिली मोठी दाढ. तिला साधारणपणे तीन मुळं असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक लोकांना दुसरी, म्हणजे एकूण चौथी नळी असते. तिचं तोंड अगदी बारीक असतं आणि साध्या एक्स-रेत ती दुसऱ्या नळीमागे लपते. ती साफ व्हायची राहिली, तर आतले जंतू काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही त्रास देतात. प्रत्येक वेळी यात डेंटिस्टचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

अँटिबायोटिक रक्तातून पोहोचते. मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे सूज उतरली तरी जंतू नळीतच राहतात.

उपचारानंतर पहिले काही दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. दुखणं त्यानंतरही टिकलं, पुन्हा सुरू झालं किंवा हिरडीवर पुळी आली, तर डेंटिस्टकडे परत जा. "एखादी नळी राहिली आहे का?" असं विचारायला संकोच करू नका. गरज वाटल्यास ते सीबीसीटी स्कॅन किंवा मायक्रोस्कोपने शोध घेतात. कारण वेगळंही निघू शकतं: दाताला तडा, सैल झालेली कॅप किंवा चक्क शेजारचा दात.

मात्र चेहरा किंवा गळा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर अधिकच सावध राहा.