खलनायकाचा आवाज

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याच्या सुरुवातीला, आडदशावतारात, संकासूर येतो. काळा वेश, काळा मुखवटा, लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा दैत्य विष्णूच्या हातून मरणार, हे सगळ्यांना ठाऊक. पण देवांच्या तोंडी पोथीतली भाषा आणि हा मात्र भटजीशी मालवणीत हुज्जत घालतो. पोरं त्याला भितात आणि तरी पुढे सरकून बसतात. मराठी खलनायकाची ओढ कुठून आली हे शोधताना मी दरवेळी इथेच येऊन थांबतो. आपल्याला आधी त्याचा आवाज ओळखीचा वाटला.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या परंपरेतल्या नाटकांत मशालीवर राळ उडे आणि ‘अललल डुर्र’ अशी आरोळी ठोकत राक्षस रंगभूमीवर झेप घेई. पुढे, हिणवण्यासाठी का होईना, त्या नाटकांना नाव पडलं ते राक्षसाच्या आरोळीवरूनच. देवाच्या वाक्यावरून नव्हे.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त, १९०७ साली, आरोळी गेली आणि सत्तेचा माज बोलू लागला. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. सरकारनेही ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली.

मग मराठी सिनेमात निळू फुले आले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, सेवादलाच्या कलापथकात घडलेला हा माणूस. त्यांनी आवाज खाली आणला. माझ्या मते मराठी खलनायकाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी घटना हीच. ज्याच्या मागे गाव, कारखाना आणि पोलीस उभे आहेत, त्याला ओरडायची गरज काय? तो खर्जात, शब्द चघळत बोलतो. समोरच्यानेच कान पुढे करायचा असतो. सहकारी साखर कारखाने आणि जिल्हा परिषदा यांतून गावोगाव नवी सत्ता उभी राहत होती, तेव्हा लोकांनी हा आवाज खऱ्या आयुष्यातही ऐकलेला होता.

जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ या चित्रपटात (१९७५) विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि फुले यांनी उभा केलेला हिंदुराव धोंडे पाटील पाहा. दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याची काळजी घेतो. गावातला मारुती कांबळे कुठे नाहीसा झाला हे मास्तर विचारत राहतो, तेव्हा आपली पंचाईत होते, कारण एव्हाना हिंदुराव आपल्याला आवडू लागलेला असतो. तो पाहुणचार खोटा नाही आणि मारुतीचा खूनही खोटा नाही. फुले यांनी दोन्ही एकाच चेहऱ्यावर ठेवले, एकाने दुसऱ्याला झाकू दिलं नाही.

चार वर्षांनी आला ‘सिंहासन’. इथे खलनायक असा एक नाहीच. मुख्यमंत्र्यापासून तस्करापर्यंत सगळे आपापला सौदा हळू आवाजात करतात. आणि निळू फुले? ते दिगू टिपणीस झाले आहेत, वार्ताहर. हातात वही घेऊन ते या सगळ्यांचं बोलणं ऐकत फिरतात.